सरासरीच्या आकड्यात न मावणारी झुडपे

शिरूर आणि दौंड हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. लोणावळ्याला वर्षाकाठी ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. दौंडपर्यंत, म्हणजे दीडशे किलोमीटरच्या आत, तो ५०० मिलिमीटरच्या आसपास येतो. यावरून एक मत फार ठामपणे मांडले जाते: पाऊस कमी म्हणून झुडपांच्या जाती कमी, सबब माळ निकृष्ट, तेव्हा खड्डे घ्या आणि झाडे लावा. या मताचा पायाच कच्चा आहे.

झुडूप वार्षिक सरासरीवर जगत नाही. या पट्ट्यात जुलै-ऑगस्टचे ढग बरेचदा नुसती भुरभुर देऊन पुढे जातात. भरवशाचा म्हणावा असा पाऊस सप्टेंबरात गडगडत येतो आणि एखाद्या वर्षी तोही चुकतो. नोव्हेंबर ते मे जवळजवळ कोरडे. माळावर मुरमाचा पातळ थर, खाली बेसाल्टचा कातळ. पाणी टिकते ते त्याच्या भेगांत. अशा ठिकाणी तगण्याच्या रीती अनेक आहेत. तरवड मुळे खोल नेतो. बोर उन्हाळ्यात पाने गाळते, पावसाळ्यात फुलते. नेपतीने पाने जवळपास टाकूनच दिली. तिच्या हिरव्या फांद्या अन्न तयार करतात. दक्षिण आफ्रिकेच्या नामाक्वालँडमध्ये पाऊस शिरूरच्या निम्म्याहूनही कमी, पण हिवाळ्यात नेमाने पडणारा; तिथे वनस्पतींच्या हजारो जाती असून त्यांत बुटकी, मांसल पानांची झुडपे विपुल आहेत. केवळ मिलिमीटर मोजणाऱ्यांनी याचा उलगडा करून दाखवावा.

माळ म्हणजे तोडलेले जंगल, हे म्हणणे शेजारच्या सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य खोडून काढते: तिथला चिंकारा उघड्या माळाचाच प्राणी आहे. झाडे लावल्याने पाऊस येतो, हा वादही जुनाच. या भागाचे बाष्प समुद्रावरून येते. गावच्या टेकडीवरील रोपे ते ओढून आणत नाहीत. कोरडा मुलूख हिरवा करण्याच्या अशाच हट्टातून वेडी बाभूळ आणली गेली आणि ओढ्याकाठची देशी झुडपे तिने दडपली.

हवामानाइतकीच चराईही महत्त्वाची, हे मान्य करावे लागते. ती अति झाली की शेळ्या ज्याला सहसा तोंड लावत नाहीत तो तरवडच माजतो. म्हणून माळाची प्रत ठरवताना पावसाचा हंगाम, त्याची खात्री, मातीची खोली आणि चराई एकत्र पाहावीत. मुरमाड माथ्यावर खड्डे घेऊ नयेत. वेडी बाभूळ काढावी आणि बोर, हेकळ यांचे बी पडून रुजेपर्यंत चराई आलटून-पालटून बंद ठेवावी.