काळ्या मोटारीवर चरे कोणी पाडले?

वार्षिक अंक म्हटला की काव्य, समीक्षा, समाजचिंतन असे वजनदार विषय यावेत, असा आपल्याकडे रिवाज आहे. अशा पंक्तीत मोटार धुण्यावरचा लेख पाहून कोणी प्राध्यापक चष्मा कपाळावर सरकवतील आणि विचारतील, ‘कलाशाखेच्या विद्यार्थ्याला ही उठाठेव हवीच कशाला?’ प्रश्न रास्त आहे. परंतु जी गोष्ट रोज सकाळी आपल्या दारात घडते, जिच्यावरून मालक आणि श्रमिक यांच्यात रोज कुरबूर होते, ती समाजचिंतनाच्या बाहेरची कशी मानावी? म्हणून माझे मत आधीच सांगून टाकतो. काळ्या मोटारीवरचे बहुतेक बारीक चरे रस्त्यावर पडत नाहीत. ते मोटार पुसताना पडतात. आणि त्यात पुसणाऱ्याचा दोष थोडा, पुसायला लावणाऱ्याचा अधिक असतो.

मानपाडा म्हटले की ठाणेकराला घोडबंदर रस्ता आठवतो आणि डोंबिवलीकराला कल्याण–शीळ रस्ता. गावे दोन, नाव एक. आणि दोघांच्या नशिबी आलेली धूळही एकच. दोन्ही रस्ते अवजड वाहनांचे. दोन्हींच्या कडेने गृहसंकुले उभी राहिली आणि दोन्हींवर मेट्रोची कामे निघाली. खडीचे डंपर, सिमेंट कालवणाऱ्या गाड्या, उकरलेले रस्ते, यांतून उडणारी पूड संध्याकाळपर्यंत प्रत्येक मोटारीवर पसरते. डोंबिवलीच्या बाजूला औद्योगिक वसाहतीची भर निराळीच. २०२० च्या फेब्रुवारीत तिथला एक रस्ता रसायनांमुळे चक्क गुलाबी झाला होता, हे अनेकांना आठवत असेल.

या धुळीकडे आपण ‘माती’ म्हणून पाहतो, तिथेच चूक होते. आपल्या भागातील खडी काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची. मोह्स नावाच्या शास्त्रज्ञाने खनिजांच्या काठिण्याची जी एक ते दहा अशी श्रेणी लावली, तिच्यात काच साधारण साडेपाचला बसते. बेसाल्टमधील फेल्डस्पार सहाच्या आसपास, आणि वाळूतले क्वार्ट्झ सातवर. म्हणजे जी पूड काचेवर ओरखडा काढू शकते, ती मोटारीच्या रंगावर बसलेली असते. आणि आपण तिच्यावर कोरडे फडके दाबून गोल गोल फिरवतो! याला पुसणे म्हणावे की घासकाम?

आता रंगाची गोष्ट. आजच्या मोटारीवर रंगाचे एकावर एक थर असतात आणि सर्वांत वर एक पारदर्शक थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉनचा धरला, तर हा थर केसाहूनही पातळ. मोटारीची सारी चमक या थरात असते आणि चरे पडतात तेही यातच. मग पांढऱ्या मोटारीवर चरे पडत नाहीत काय? तितकेच पडतात. परंतु पांढरा पृष्ठभाग सगळीकडूनच प्रकाश परत पाठवतो, म्हणून त्या उजेडात चऱ्याची रेघ बुडून जाते. काळा रंग प्रकाश गिळतो, त्यामुळे चऱ्याच्या कडेवरून परतलेली किंचितशी तिरीपही काळोखातल्या काजव्यासारखी उठून दिसते. काळी मोटार जास्त खराब होत नाही. ती फक्त खोटे बोलत नाही.

रात्री दिव्याखाली उभ्या असलेल्या काळ्या मोटारीकडे पाहा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतील. पाहणारा म्हणतो, ‘बघा, पोराने गोल गोल घासले!’ पण घरात रोज घासल्या जाणाऱ्या स्टीलच्या ताटातही दिव्याखाली अशीच वर्तुळे दिसतात, आणि दिवा हलवला की वर्तुळेही त्याच्याबरोबर सरकतात. खरे पाहता चरे सर्व दिशांना पसरलेले असतात. ज्यांची दिशा प्रकाशाला आडवी येते तेवढेच डोळ्यांपर्यंत चमक पाठवतात, म्हणून ते दिव्याभोवती वर्तुळात मांडल्यासारखे वाटतात. तेव्हा एखाद्या दिवसाच्या एखाद्या हाताला त्यासाठी दोषी धरणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. ते अनेक महिन्यांच्या कोरड्या पुसण्याचे संचित असते.

काळ्या मोटारीशी आपल्या भागाचे नाते जुने आहे. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, कोणाला ठाऊक नाही? ती बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा एक कारखाना कुर्ल्यात होता आणि दुसरा आपल्या कल्याण–शीळ रस्त्यावर. १९९० च्या दशकात या दुसऱ्या कारखान्यातून प्यूजो ३०९ ही मोटार बाहेर पडत असे. मुंबईत पद्मिनीची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही टॅक्सी शहराच्या रस्त्यांवरून दिसेनाशी झाली. त्या काळच्या साध्या रंगांवर हा पारदर्शक थर नसे. पॉलिश केले की फडके काळे होई, म्हणजे प्रत्यक्ष रंगच झिजे. पण खाली तोच रंग असल्याने नवी चकाकी येई. ‘पुसली की चमकते’ ही आपली समजूत त्या काळातली आहे. मोटारी बदलल्या, रंग बदलले, फडके मात्र आपण तेच ठेवले.

आता त्या फडक्यामागच्या माणसाकडे वळू. पहाटे पाच-साडेपाचला संकुलाच्या फाटकातून एक मुलगा आत येतो. हातात एक बादली, खांद्यावर दोन फडकी. लोक कामावर निघायच्या आत त्याला वीस-पंचवीस मोटारी उरकायच्या असतात. महिन्याला मोटारीमागे काही शे रुपये आणि अट एकच: ‘रोज पुसली पाहिजे.’ एका बादलीत वीस मोटारींची पूड कालवली जाते आणि एकविसावी मोटार तिच्यातच पिळलेल्या फडक्याने पुसली जाते. पाणी बदलावे तर नळावर सोसायटीची पाटी: ‘वाहने धुण्यास मनाई’. मग एके दिवशी मालक उन्हात बॉनेटवरची जाळी पाहतात आणि त्या मुलाचे पैसे कापतात. मी विचारतो, हा कोणता न्याय? ज्याला पाणी दिले नाही, स्वच्छ फडके दिले नाही, वेळही दिला नाही, त्याच्याकडून आरशासारखी मोटार कशी मागावी? चरे त्याच्या हाताने पडले खरे, पण ते आपल्या अटीने पडले.

उपाय अवघड नाही. पहिली गोष्ट म्हणजे रोजचे कोरडे पुसणे थांबवावे. मोटारीवर धूळ नुसती बसून राहिली तर चरा पडत नाही. ती घासली की पडतो. पिसांच्या झटकणीचेही तेच, आणि धुळीने भरलेल्या मोटारीवर घातलेले आच्छादन वाऱ्याने हलले तरी तेच. रोजच्याऐवजी आठवड्यातून एकदा किंवा दोनदा मोटार नीट धुवावी.

धुताना मोटार सावलीत आणि थंड असावी. काळा पत्रा उन्हात तव्यासारखा तापतो आणि पाणी जागच्या जागी वाळून क्षारांचे पांढरे डाग ठेवते. बोअरिंगच्या व टँकरच्या जड पाण्याने तर अधिकच. हात लावण्याआधी नुसत्या पाण्याने सैल धूळ वाहू द्यावी. शेतकरी पाठीवर घेतात तसा नवा कोरा फवारणी पंप यासाठी उत्तम. थोड्या पाण्यात काम होते. मग दोन बादल्या घ्याव्यात, एकीत मोटारीचा शाम्पू, दुसरीत साधे पाणी. मऊ मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवून टपापासून खाली यावे, दाब न देता, सरळ रेषेत. प्रत्येक भाग झाला की मोजा आधी साध्या पाण्यात खळबळून मगच पुन्हा शाम्पूत घालावा, म्हणजे पूड परत मोटारीवर जात नाही. चाके सर्वांत शेवटी आणि त्यांचे फडके वेगळे. कपड्यांची पावडर वापरू नये. ती वॅक्सचे संरक्षण उतरवते. शेवटी जाड मायक्रोफायबर टॉवेल अंगावर टेकवून पाणी टिपावे, रगडू नये. पक्ष्याची विष्ठा नखाने खरवडण्यापेक्षा ओले फडके दहा मिनिटे ठेवून अलगद उचलावी. दर दोन-तीन महिन्यांनी वॅक्सचा हात दिला तर पुढची धूळ सहज सुटते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला पाण्याचा, आणि तो गंभीर आहे. डोंबिवलीचा मानपाडा ज्या २७ गावांत मोडतो, तिथली पाण्याची ओरड सर्वांच्या कानावर आहे. जिथे हंड्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते, तिथे नळी लावून मोटार धुणे हा उद्दामपणाच. पण मी नळीचे समर्थन करीत नाही. पंपभर पाणी आणि दोन बादल्या एवढ्यात आठवड्याचे काम होते. पाण्याची फारच टंचाई असेल तर मोटार महिनाभर धुळकट राहू द्यावी. धुळकट मोटार चालवण्यात कमीपणा कसला?

दुसरा आक्षेप पैसेवाल्यांचा: ‘सिरॅमिक कोटिंग करून घेतले की झाले!’ तो थर अतिशय पातळ असतो. पाणी व मळ त्यावरून सहज ओघळतो हे खरे; पण वाळूच्या कणावर फडके दाबले तर तोही चरतोच. पारदर्शक जाड फिल्म खरे संरक्षण देते, परंतु तिचा खर्च सर्वांना झेपणारा नाही. आणि मशीनने पॉलिश करून चरे घालवणे म्हणजे मूळचाच पातळ थर आणखी पातळ करणे. हा उपाय मोजक्याच वेळा करता येतो.

म्हणून माझी सूचना साधी आहे. मोटार पुसणाऱ्या मुलाचा पगार तोच ठेवावा, किंबहुना थोडा वाढवावा, आणि काम रोजचे न ठेवता आठवड्यातून दोन दिवसांचे करावे. मोजा, टॉवेल, शाम्पू मालकाने द्यावा आणि तो त्या एकाच मोटारीसाठी ठेवावा. सोसायटीने मोटारी धुण्यासाठी सावलीची एक जागा आणि मोजके पाणी नेमून द्यावे. धुण्याची रीत त्या मुलाला एकदा सोबत उभे राहून दाखवावी. हुकूम सोडून नव्हे. तो ती आपल्यापेक्षा लवकर शिकेल, कारण हाताचे काम हातालाच लवकर समजते.

एखादी वस्तू रोज चमकली पाहिजे हा हट्ट आणि ती टिकली पाहिजे ही काळजी, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी दुसऱ्याला राबवले की पुरते. दुसरीसाठी स्वतः थोडे समजून घ्यावे लागते. आपल्या दारातल्या काळ्या मोटारीवरची जाळी पुढच्या वेळी दिसली, तर पैसे कापण्याआधी त्या मुलाच्या बादलीत एकदा डोकावून पाहावे, एवढीच विनंती.