कोड आला म्हणून सेन्सर बदलू नका, आधी तपासणीचे पैसे मागायला शिका



या वेळच्या व्हिडिओत आपण कॉमन रेल डिझेल गाडीच्या फ्युएल रेल प्रेशर सेन्सरचं सर्किट मल्टिमीटरने कसं तपासायचं ते बघितलं. पण व्हिडिओत फक्त काम दिसतं, त्यामागचा हिशेब दिसत नाही. ज्यांना स्वतःचं गॅरेज टाकायचंय, त्यांच्यासाठी तो हिशेबही तितकाच महत्त्वाचा आहे. म्हणून आज त्यावर लिहितोय.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. स्कॅनरवर सेन्सरचा कोड दिसला की लगेच सेन्सर बदलायचा, ही आपल्या धंद्यातली फार महागडी सवय आहे. आणि ती मेकॅनिकच्या अज्ञानापेक्षा मालकाच्या भिडेमुळे जास्त टिकलीय. पार्टचे पैसे आपण बिनधास्त मागतो, तपासणीचे मागताना जीभ अडखळते.

माझे सहा हजार कसे गेले

गॅरेज सुरू करून दुसरं वर्ष होतं. माझं शिक्षण बीबीए, हातात पाना नंतर आला. त्यामुळे मशीनच्या स्क्रीनवर जे दिसेल त्यावर माझा जरा जास्तच विश्वास. एक काका त्यांची डिझेल गाडी घेऊन आले. पुण्याची भाडी मारणारी गाडी. तक्रार अशी की चढाला मध्येच पिकअप जातो, चेक लाइट लागते, गाडी बंद करून परत चालू केली की नीट चालते. स्कॅनर लावला. कोड पी ०१९३. खाली लिहिलेलं, फ्युएल रेल प्रेशर सेन्सर सर्किट, हाय इनपुट.

मी म्हटलं, "काका, सेन्सर गेलाय."

"नक्की ना?"

"मशीनच सांगतंय की."

सेन्सर ४,८०० ला आणला, बिलात ५,६०० लावला, मजुरी ४००. एकूण ६,००० रुपये. ट्रायल मारली, गाडी एकदम मस्त. चौथ्या दिवशी काकांचा फोन आला. खंबाटकी घाटात गाडी बसलेली आणि मागे पॅसेंजर. कोड तोच.

गाडी परत आल्यावर मी आमच्या वायरमन मामांना बोलावलं. मामांनी इंजिन चालू ठेवलं. मीटरचा काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला लावला, लाल प्रोब कपलरच्या मागच्या बाजूने सेन्सरच्या अर्थ वायरला टेकवला आणि दुसऱ्या हाताने वायरिंग हळूहळू हलवायला लागले. मीटरवर ०.०२ व्होल्ट. कपलरपासून दोन इंच मागे वायर वाकवली आणि आकडा उडून साडेचारच्या वर गेला. लगेच इंजिनचा आवाज बदलला. मामांनी ती वायर हलकेच ओढली, तर रबरासारखी ताणली गेली. वरचं इन्सुलेशन शाबूत, आतली तांब्याची तार तुटलेली.

सेन्सर बदलताना आम्ही कपलर काढला-घातला, त्यात तुटलेली टोकं परत एकमेकांना टेकली. तीन दिवस गाडी चालली ती त्यामुळे. नवीन सेन्सरचा त्यात काही वाटा नव्हता.

वायरचा तुकडा, सोल्डर आणि हीट-श्रिंक मिळून पन्नास रुपयांचंही सामान लागलं नाही. मी जुना सेन्सर परत लावला, तो धडधाकट होता. काकांना सहा हजार परत दिले. नवीन सेन्सर दुकानदाराने परत घेतला नाही, कारण इलेक्ट्रिकल माल एकदा लावला की परत नाही, हा स्पेअर पार्टच्या दुकानाचा नियम तुम्हालाही माहीत असेल. माझे ४,८०० रॅकवर पडून राहिले. आणि काकांचं भाडं बुडालं, ते मी कशातूनच भरून दिलं नाही.

कोड नक्की काय सांगतो

आता त्या कोडचं नाव परत वाचा. त्यात "सर्किट" हा शब्द आहे. सर्किट म्हणजे सेन्सर, कपलर, तीन वायरी आणि दुसऱ्या टोकाला ईसीएम. यातलं काय बिघडलंय हे कोड सांगत नाही. मी तो एक शब्द वाचलाच नाही, आणि तो मला सहा हजारांना पडला.

दुसरी चूक "हाय" या शब्दाची होते. नवीन पोरांना वाटतं की हाय म्हणजे रेलमध्ये डिझेलचं प्रेशर जास्त झालंय. मग पंप आणि रेग्युलेटरकडे हात जातो. पी ०१९३ मधला हाय हा सिग्नल वायरच्या व्होल्टेजबद्दल आहे. पी ०१९२ म्हणजे तेच व्होल्टेज फार खाली. प्रेशर खरोखर कमी पडत असेल तर सहसा पी ००८७ येतो, जास्त होत असेल तर पी ००८८. हे वेगळे आजार आहेत आणि त्यांचं बिलही वेगळं असतं.

सेन्सरला तीन वायरी असतात. एकीवर ईसीएमकडून ५ व्होल्ट, दुसरी अर्थ, तिसरी सिग्नल. प्रेशर शून्य असताना सिग्नल साधारण अर्ध्या व्होल्टच्या आसपास असतो आणि पूर्ण प्रेशरला साडेचारच्या आसपास जातो. आयडलिंगला रेलमध्ये २५० ते ३०० बार असतात, तेव्हा बऱ्याच गाड्यांत एक ते सव्वा व्होल्ट दिसतो. नेमके आकडे त्या त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघायचे. पण यातली गंमत लक्षात घ्या. चांगला सेन्सर कधीच पूर्ण शून्य किंवा पूर्ण पाच देत नाही. दोन्ही टोकांना जागा मुद्दाम मोकळी ठेवलेली असते. व्होल्टेज त्या जागेत गेलं की ईसीएमला कळतं, हे प्रेशर नाही, कुठेतरी वायर तुटलीय किंवा शॉर्ट झालीय. मग काही गाड्या लिम्प मोडमध्ये जातात, काही सुरूच होत नाहीत.

सेन्सरला हात लावण्याआधी

आमच्याकडे आता हा क्रम ठरलेला आहे.

१. आधी डोळ्यांनी बघायचं. कपलरमध्ये पाणी, हिरवा गंज, वाकलेली पिन, ब्रॅकेटला घासलेली वायर. पार्किंगमध्ये उंदीर असतील तर वायरिंगवर दातांच्या खुणा. यात पाच मिनिटं जातात.

२. कपलर काढून चावी ऑन करायची आणि ५ व्होल्टची वायर मोजायची. तिथे ५ च्या आसपास नसेल तर सेन्सरला दोष देऊ नका. बऱ्याच गाड्यांत हे ५ व्होल्ट दोन-तीन सेन्सरमध्ये वाटलेले असतात. एक सेन्सर आतून शॉर्ट झाला की बाकीचेही बोंब मारतात. अशा वेळी एकेक सेन्सरचा कपलर काढत जायचं. ज्याचा काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात, तो किंवा त्याची वायर चोर. तीन कोड दिसले म्हणून तीन सेन्सर आणायला धावू नका.

३. कपलर परत लावून, इंजिन चालू ठेवून अर्थ मोजायचा आणि वायरिंग हलवून बघायचं. काही मिलिव्होल्ट ठीक, ०.१ च्या वर गेला तर अर्थची वाट शोधा. मामांनी केलं ते हेच.

४. शेवटी कपलर काढून स्कॅनरच्या लाइव्ह डेटामध्ये सिग्नलचं व्होल्टेज बघायचं. ज्या गाड्यांत ईसीएम सिग्नल वायरला आतून वर खेचून धरतो, तिथे ते ५ च्या जवळ जातं. मग कपलरमध्ये सिग्नल आणि अर्थ एका वायरच्या तुकड्याने जोडायचं, ते शून्याजवळ आलं पाहिजे आणि कोड पी ०१९३ वरून पी ०१९२ वर गेला पाहिजे. तसं झालं तर वायरिंग आणि ईसीएम ठीक आहेत, आता सेन्सरवर संशय घ्यायला हरकत नाही. आधी वायरिंग डायग्राम बघा, कारण सगळ्या गाड्यांची रचना अशी नसते. आणि चुकून ५ व्होल्टची वायर अर्थला जोडू नका.

दोन पथ्यं. वायरीच्या इन्सुलेशनला टाचणी टोचू नका, त्या भोकातून पावसाळ्यात पाणी शिरतं आणि सहा महिन्यांनी तीच वायर सडते. आणि या तपासणीत रेलचा कुठलाही पाइप ढिला करायची गरज नसते. चालू इंजिनवर तर अजिबात नाही. तिथे शेकडो बारचं प्रेशर असतं, बारीक फवारासुद्धा कातडी भेदून आत जातो.

या सगळ्याला स्कॅनरशिवाय एक दोन-तीन हजारांचा बरा मल्टिमीटर, पातळ प्रोब आणि पाऊण तास लागतो. पार्ट एकही लागत नाही. आणि गोची नेमकी तिथेच आहे.

पार्ट नाही, मग पैसे कशाचे?

बघा, गॅरेजची कमाई आपण पार्टच्या मार्जिनवर बांधलेली असते. त्या दिवशी मी सेन्सर विकला म्हणून मला ८०० मार्जिन आणि ४०० मजुरी मिळणार होती. वायर शोधून जोडली असती तर बिलात लिहायला काय होतं? म्हणजे चुकीचं निदान करण्यात फायदा आणि बरोबर निदान करण्यात नुकसान, असा धंदा मीच मांडून ठेवला होता. अशा मांडणीत माणूस प्रामाणिक असला तरी त्याचा हात आधी पार्टकडेच जातो.

म्हणून आता काउंटरवर पाटी आहे. इलेक्ट्रिकल तपासणी, पहिला तास ७०० रुपये, पुढच्या तासाआधी फोन करून विचारणार. काम आमच्याकडे करा किंवा करू नका, ७०० द्यायचे. बदल्यात ग्राहकाला एक चिठ्ठी मिळते. तिच्यावर कोड, तीन वायरींचे तीन आकडे आणि बिघाड कुठे आहे ते लिहिलेलं असतं. ती घेऊन तो कुठेही जाऊ शकतो.

बरेच गॅरेजवाले म्हणतात, काम आपल्याकडेच केलं तर तपासणीचे पैसे बिलात वळते करून टाका, ग्राहक खुश होतो. माझा याला विरोध आहे. वळते केले की आपण परत पार्टवर कमवायला लागतो आणि जुनी सवय मागच्या दाराने आत येते. सवलत द्यायचीच असेल तर मजुरीत द्या. तपासणीचा आकडा बिलात वेगळा दिसू द्या.

"आमच्या गावात कोणी देणार नाही," असं तुम्ही म्हणाल. खरं आहे, काही जण देत नाहीत. समोरचा फुकट स्कॅनिंग करतो म्हणून निघून जातात. सुरुवातीच्या महिन्यांत मला ते फार लागायचं. त्याच काकांना मी एकदा विचारलं, तेव्हा आधी सातशे मागितले असते तर दिले असते का? ते हसून म्हणाले, "खोटं कशाला बोलू, नसते दिले. पण घाटातून फोन केला त्या दिवशी दोन हजार मागितले असते तरी दिले असते."

या उत्तराचा मी बराच विचार केला. ग्राहकाला तपासणीची किंमत कळते ती एकदा फसल्यावर. तो पहिल्यांदा आपल्याकडे येतो तेव्हा अजून फसलेला नसतो, आणि तेव्हाच आपल्याला पैसे मागायचे असतात. हे अवघड आहे. यावर माझ्याकडे जादूची कांडी नाही. मी एवढंच करतो की गाडी आत घेण्याआधी सरळ सांगतो, "कोड वाचून अंदाजाने पार्ट टाकला तर पाच-सहा हजारांचा जुगार आहे. सातशे रुपयांत नक्की काय ते लिहून देतो." दहातले दोन-तीन जातात. जे थांबतात ते पुढच्या वेळी पाटीकडे बघतही नाहीत.

आणि कधी कधी तपासणी करूनही बिघाड सापडत नाही. गाडी दिवसभर गॅरेजमध्ये नीट चालते आणि रस्त्याला लागली की परत तेच. तेव्हा चिठ्ठीवर तसंच लिहा, "आज बिघाड दिसला नाही, हे हे तपासलं." अशा वेळी आम्ही पहिल्या तासाचेच पैसे घेतो आणि पुढच्या वेळी तिथून पुढे सुरू करतो. काहीतरी केलं असं दाखवायला म्हणून पार्ट टाकायचा नाही.

गॅरेज टाकणार असाल तर भारीतला स्कॅनर घेण्याआधी दोन गोष्टी करा. मल्टिमीटर वापरायला शिका, आणि पाटी रंगवून घ्या. पाटी पहिल्या दिवसापासून लावा. फुकट तपासणीची सवय एकदा लागली की ती मोडायला किती त्रास होतो, ते मी भोगलंय. मागच्या तारखेपासून दर लावता येत नाही.

तो नवा सेन्सर अजून माझ्या रॅकवर आहे. गॅरेजमध्ये नवीन पोरगा कामाला लागला की पहिल्या दिवशी मी तो त्याच्या हातात देतो आणि बिलाची कार्बन कॉपी दाखवतो.

भेटूया पुढच्या व्हिडिओत.