गाण्याची किंमत छापा!

संगीताचा आणि हिशेबाचा उभा दावा आहे, असे मानण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. बिदागीचे पाकीट न उघडता खिशात टाकतो तो खरा कलावंत आणि उघडून मोजतो तो व्यापारी, ही व्याख्या बैठकीतून मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. ती ज्यांना पटते त्यांनी एकदा देवगिरीकडे पाहावे. आमच्या छत्रपती संभाजीनगरापासून अवघ्या चार-पाच कोसांवर, तेराव्या शतकात, सिंघण यादवाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. या शार्ङ्गदेवाची नोकरी कोणती? हिशेबाची! यादवांच्या जमाखर्चाचा तो वरिष्ठ अधिकारी होता. बावीस श्रुती मोजणाऱ्याला नाणी मोजण्यात कमीपणा वाटला नाही. मग तो आजच्या गायकालाच का वाटावा?

हा प्रश्न आज निकडीचा आहे, कारण गायक आता स्वतःच प्रकाशक झाला आहे. तबकडीची आणि कॅसेटची किंमत कंपनी ठरवीत असे. आता ध्वनिमुद्रण त्याचे, खर्च त्याचा, विक्रीही त्याचीच. मात्र किंमतीचा आकडा लिहावयाची वेळ आली की त्याचा हात थबकतो. एक तर तो गाणे फुकट देतो, नाही तर ‘रसिकांनी स्वेच्छेने द्यावे’ असे लिहून मोकळा होतो. या दोन्ही गोष्टींना माझा विरोध आहे.

फुकट दिल्याने नाव होते आणि नावामागून पैसा येतो, असे सांगतात. येतो खरा, पण कोणाकडे? 2024 पासून स्पॉटिफायचा नियमच असा आहे की, मागल्या बारा महिन्यांत जे गाणे हजार वेळाही ऐकले गेले नाही, त्याच्या ध्वनिमुद्रणाबद्दल एक पैसाही मिळावयाचा नाही. म्हणजे नवशिक्याने दुकान भरावयाचे आणि गल्ला दुसऱ्याने मोजावयाचा!

स्वेच्छामूल्याचे उदाहरण म्हणून रेडिओहेड या इंग्रज वाद्यवृंदाचे नाव पुढे करतात. त्यांनी 2007 साली आपला नवा संग्रह ‘हवे ते द्या’ म्हणून विकला, हे खरे. पण ते तोवर जगभर गाजलेले होते. ज्याचे नाव शेजारच्या जालन्यातही पोचलेले नाही, त्याने त्यांचा कित्ता गिरवावा काय?

आता जरा पाटी-पेन्सिल घेऊ. समजा, आठ गाण्यांचा संग्रह आहे. स्टुडिओ, साथीदार, मिश्रण, मुखपृष्ठ मिळून साठ हजार रुपये खर्च झाला आणि पाचशे गिऱ्हाइके मिळतील असा अंदाज आहे. बँडकॅम्पसारखे संकेतस्थळ विक्रीतले शेकडा पंधरा कापून घेते. पैसे वसुलीचे शुल्क निराळेच. शंभर रुपये किंमत ठेवली तर हाती साडेबेचाळीस हजार, म्हणजे घरचे साडेसतरा हजार गेले. दीडशे ठेवली तर पावणेचौसष्ट हजार. खर्च जेमतेम निघाला, गायकाला भोपळा. दोनशे ठेवली तर पंच्याऐंशी हजार. वर्षाच्या रियाजाचे पंचवीस हजार उरले. यात लोभ कोठे आहे? म्हणून माझे म्हणणे एवढेच: खर्च आणि मेहनताना यांना खऱ्या गिऱ्हाइकांच्या संख्येने भागा, वर कपात चढवा, आणि येणारा आकडा निःसंकोच छापा. त्याहून अधिक द्यावयास कोणी आले तर दार उघडे ठेवा. पण त्याखाली उतरू नका.

‘आमचा श्रोता गरीब आहे’, हा आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. 14 जानेवारीला नामविस्तार दिनी विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराशी जो जनसागर लोटतो, त्यात दिवसाची मजुरी बुडवून आलेली माणसे असतात. पण तीच माणसे तेथून पदरमोड करून पुस्तके नेतात. पुस्तकाची किंमत त्यांना अपमान वाटत नाही. गाण्याचीच वाटेल, हे कोणी ठरविले? त्यांच्यासाठी एखादे गाणे जरूर मोकळे सोडा, एकेक गाणे सुटे विका. परंतु गरिबाचे नाव पुढे करून मोटारीतून येणाऱ्यालाही फुकट देणे, हे औदार्य नव्हे.

दुसरेही एक ध्यानात ठेवा. किंमत केवळ गायकाची नसते. तीत कवीचा वाटा असतो. वामनदादा कर्डक 2004 साली गेले. कायद्याप्रमाणे त्यांच्या शब्दांवरील हक्क 2064 अखेरपर्यंत जिवंत आहे. ‘लोकांचे गाणे’ म्हणून ते परवानगीवाचून मुद्रित करणारा आणि फुकट वाटणारा गायक स्वतःचे नव्हे, दुसऱ्याचे धन उधळीत असतो.

आणि रसिकांनो, आपल्यालाही एक सांगावयाचे आहे. हा दिवाळी अंक आपण विकत घेतला असेल, तर त्याच्यावरची किंमत पाहून संपादकाला कोणी व्यापारी म्हटले नसेल. तोच न्याय गाण्याला लावा. गायकाने किंमत सांगितली की ‘कलेचे मोल होत नाही’ असे म्हणू नका. ते वाक्य बहुधा मोल न देणाराच उच्चारतो.