पोरीचा गुडघा गेला, त्याची नोंद कुठे आहे?

सप्टेंबर महिना होता. शालेय हँडबॉल स्पर्धेची बातमी करायला गेलो होतो. दोन दिवस पाऊस पडून गेलेला. मैदानात जागोजागी पाणी साचलेलं, त्यावर मुरूम टाकून चुन्याच्या रेघा मारलेल्या. १७ वर्षांखालील मुलींचा सामना सुरू होता. एका पोरीनं बॉल घेतला, डावीकडे हूल दिली, उजवीकडून निघायला म्हणून डावा पाय रोवला आणि तिथंच खाली बसली. तिला कुणी धक्का दिला नव्हता. सगळ्यात जवळची पोरगी दोन हात लांब होती.

"सर, गुडघ्यात कट्ट वाजलं," एवढंच ती म्हणाली.

स्प्रे मारला. क्रेप बँडेज बांधलं. कुणीतरी म्हणालं, "काही नाही होत बेटा, चालून पाह्य." ती चालली. पुढच्या सामन्यातही उतरली, कारण राखीव खेळाडूच नव्हत्या. मी बातमी दिली. बातमीत विजयी संघ होता, गोलफरक होता, मंचावरच्या पाहुण्यांची नावं होती. ती पोरगी नव्हती.

तिचे वडील मला धान खरेदी केंद्रावर भेटले तेव्हा जानेवारी लागला होता. दोन महिने आंबेहळद-चुना लावून झाला, ओळखीच्या माणसाकडून मालिश करून झाली. पायऱ्या उतरताना पाय अचानक दगा द्यायला लागला, तेव्हा नागपूरला नेऊन एमआरआय काढला. गुडघ्यातलं लिगामेंट तुटलेलं, गादीही फाटलेली. ऑपरेशन सांगितलंय. धानाचा चुकारा आला की पाहू, म्हणाले. आणि मग म्हणाले, "नशीब तिचं, भाऊ."

तेव्हा मी गप्प राहिलो. पण मनात ते वाक्य तसंच राहिलं, म्हणून पुढचे काही दिवस मी वाचत बसलो. जे सापडलं ते सिहोरा, चुल्हाड, चांदपूर, बपेरा पट्ट्यातल्या प्रत्येक पालकाला आणि शिक्षकाला सांगायचंय. ते नशीब नव्हतं. निदान बऱ्याच अंशी नव्हतं.

आधी खेळ समजून घेऊ. हँडबॉल म्हटलं की आपल्याकडे अजून काही लोक व्हॉलीबॉल समजतात. ४० मीटर लांब, २० मीटर रुंद मैदान. एका बाजूला सात जण. पळायचं, उडी मारायची, हवेतच बॉल फेकायचा आणि हे सगळं समोरचा अंगावर येत असताना. चांगल्या खेळाडूचा थ्रो ताशी १०० किलोमीटरच्या वर जातो. २०२३ मध्ये जयपूरला पहिली प्रीमियर हँडबॉल लीग झाली, ती आपल्या महाराष्ट्र आयर्नमेन संघानं जिंकली. तेव्हापासून पोरांना या खेळात थोडं भविष्यही दिसायला लागलंय. क्रीडा गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. गरिबाघरच्या पोरांसाठी ही छोटी गोष्ट नाही. म्हणूनच दुखत असलं तरी पोरं सांगत नाहीत. नाव कटेल ही भीती असते.

आता दुखापती. आपल्याला वाटतं धक्काबुक्कीत लागतं. बोटं मुरगळतात, ओठ फुटतो, ते धक्क्यानंच. पण गुडघ्याचं मोठं लिगामेंट तुटतं ते बहुतेक वेळा कुणी हात न लावताच. हूल देताना पाय जमिनीत रुततो, अंग वळतं, गुडघा आतल्या बाजूला कोसळतो. किंवा उडी मारून फेकल्यावर एका पायावर ताठ गुडघ्यानं उतरलं की तसंच. मुलींमध्ये हा धोका मुलांपेक्षा जास्त असतो, हे जगभर दिसून आलंय. घोटा मुरगळतो तो दुसऱ्याच्या पायावर पाय पडून. खांदा एका दिवसात जात नाही, महिनोन्‌महिने त्याच हातानं फेकून फेकून तो दुखायला लागतो. आणि गोलकीपरचं तर विचारूच नका. त्याचा कोपर बॉलच्या माऱ्यानं मागे ताणला जातो, आणि बॉल तोंडावर येतो तो वेगळाच. जागतिक महासंघानं २०२२ मध्ये नियमच केला की मोकळ्या संधीत फेकलेला बॉल थेट गोलकीपरच्या डोक्याला लागला तर फेकणाऱ्याला दोन मिनिटं बाहेर बसवायचं. हा नियम आपल्या गावच्या पंचांना माहीत आहे का, हे पुढच्या स्पर्धेत विचारून बघा.

मुख्य गोष्ट पुढे आहे.

नॉर्वे हा हँडबॉलवेडा देश. तिथल्या ओस्लोच्या संशोधकांनी १२० क्लबमधले १५ ते १७ वर्षांचे १,८३७ खेळाडू घेतले. म्हणजे आपल्या नववी ते बारावीच्या वयाची पोरं. अर्ध्या क्लबना वॉर्मअपचा ठरावीक व्यायाम दिला, अर्ध्यांना सांगितलं की तुम्ही नेहमीसारखं खेळा. आठ महिन्यांचा हंगाम संपल्यावर मोजलं. नेहमीसारखं खेळणाऱ्यांमध्ये गुडघा आणि घोट्याच्या ८१ दुखापती, व्यायाम करणाऱ्यांमध्ये ४८. आणि व्यायाम करणारे संख्येनं जास्त होते. हिशेब केला तर प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. हे २००५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. वीस वर्षं झाली. पुढे २०१७ मध्ये तिथल्याच मोठ्या संघांवर खांद्याच्या व्यायामाचा असाच प्रयोग झाला, त्यात खांद्याच्या तक्रारींचा धोका २८ टक्क्यांनी कमी झाला.

यासाठी काय लागलं? महागडी जिम नाही. १५ ते २० मिनिटं. सुरुवातीला सलग १५ सरावांना, नंतर आठवड्यातून एकदा. बस.

त्यात काय करायचं, तेही साधं आहे. आधी हळू पळणं, आडवं पळणं, उलटं पळणं. मग हूल देण्याचा सराव, पण हळू, आणि गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेतच राहिला पाहिजे, आत झुकता कामा नये. उडी मारून फेकायचं आणि दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून उतरायचं. एका पायावर उभं राहून जोडीदाराशी बॉलची फेकाफेक. नॉर्वेत त्यासाठी मऊ गाद्या आणि हलत्या फळ्या वापरल्या, आपण घडी घातलेल्या सतरंजीवर सुरुवात करू शकतो. शेवटी उठबशा आणि मांडीच्या मागच्या स्नायूचा व्यायाम: गुडघ्यांवर बसायचं, जोडीदारानं घोटे धरायचे, आणि पाठ सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं. जोडीनं एकमेकांचा गुडघा बघायचा, "आत जातोय, सरळ कर" असं सांगायचं. यात शिक्षकाला अंगमेहनत नाही, फक्त नजर पाहिजे.

आपल्याकडचं वॉर्मअप म्हणजे मैदानाला दोन चकरा, हात गोल फिरवले, शिट्टी वाजली. आणि तेही सराव होतो तेव्हा. बऱ्याच शाळांत स्पर्धेचं पत्र आल्यावर आठ दिवस आधी संघ जमतो. जे गुडघे वर्षभर असा झटका ओळखत नाहीत, त्यांना एका दिवसात दोन-तीन सामने खेळवतो. वरून पावसाळा, कारण तालुका आणि जिल्ह्याच्या स्पर्धा ऐन त्याच दिवसांत येतात.

मला माहीत आहे, आता शिक्षक मित्र कमेंटमध्ये येणार. "भाऊ, आमच्या शाळेत क्रीडाशिक्षकच नाही. गणिताचे सर संघ घेऊन जातात. तुम्ही आम्हाला शहाणपण शिकवता." बरोबर आहे तुमचं. पद रिकामं ठेवणाऱ्या व्यवस्थेवर मी याआधीही लिहिलंय, पुढेही लिहीन. पण म्हणूनच सांगतोय. मोठा हॉल, लाकडी कोर्ट, फिजिओ हे आपल्याला उद्या मिळणार नाही. पंधरा मिनिटं उद्या सकाळी मिळू शकतात. गणिताच्या सरांनाही जमेल असा हा एकच उपाय आहे, आणि नेमका तोच आपण करत नाही.

दुसरी गोष्ट गोलपोस्टची. हँडबॉलचा गोल ३ मीटर रुंद, २ मीटर उंच. लोखंडी पाइपचा असेल तर वजनदार. नियमच सांगतो की तो जमिनीला किंवा मागच्या भिंतीला पक्का बांधलेला असला पाहिजे. आपल्याकडे तो उचलून आणतात, ठेवतात, आणि मधल्या सुट्टीत पोरं आडव्या पाइपला लोंबकळतात. २०२५ च्या नोव्हेंबरात हरियाणात रोहतक जिल्ह्यातल्या लाखन माजरा गावी सराव करताना बास्केटबॉलचा खांब अंगावर कोसळून १६ वर्षांचा राष्ट्रीय पातळीवरचा खेळाडू जागीच खचला आणि गेला. त्याच सुमारास बहादूरगडमध्ये आणखी एक पोरगा तसाच गेला. तिथं चौकशा लागल्या, निलंबनं झाली. पोरं परत आली नाहीत. आपल्या शाळेतला गोलपोस्ट उद्या दोन्ही हातांनी हलवून बघा. हलला, तर खुंट्या ठोका किंवा मागच्या पाइपवर वाळूची पोती टाका. तोपर्यंत तिथं सराव बंद.

तिसरी गोष्ट बॉल. मुलांचा मोठा बॉल साधारण ४२५ ते ४७५ ग्रॅमचा, मुलींचा ३२५ ते ३७५ ग्रॅमचा. शाळेत एकच बॉल असतो, तो मोठाच असतो, आणि चौदा वर्षांची पोरगी त्याच बॉलनं रोज फेकते. खांदा दुखणार नाही तर काय होणार?

आता लागलंच तर काय करायचं, हे प्रत्येक घरात माहीत पाहिजे. खेळ तिथंच थांबवा. पहिले दोन-तीन दिवस मालिश नाही, शेक नाही, गरम लेप नाही. फडक्यात बर्फ गुंडाळून १५-२० मिनिटं ठेवा, पट्टी बांधा, पाय उंच ठेवा. "कट्ट" असा आवाज आला असेल, दोन-चार तासांत गुडघा सुजला असेल, पायावर वजन टाकता येत नसेल किंवा चालताना गुडघा सटकत असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका. डॉक्टरकडे जा, हाडांच्या डॉक्टरला दाखवा म्हणून सांगा. डोक्याला लागून चक्कर, उलटी, डोकेदुखी किंवा विसरल्यासारखं होत असेल, तर त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवायचं नाही, फायनल असली तरी नाही, आणि लगेच दवाखाना गाठायचा. स्प्रेनं दुखणं थोडा वेळ कळत नाही एवढंच. तुटलेलं जुळत नाही.

पैशाचंही सांगतो, कारण हे फार कमी पालकांना माहीत आहे. राज्य सरकारची राजीव गांधी विद्यार्थी अपघात सानुग्रह अनुदान योजना आहे, पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी. २०२२ च्या शासन निर्णयात रकमा वाढवल्या आहेत. क्रीडा स्पर्धेत खेळताना विद्यार्थी जखमी झाला तर दवाखान्याचा प्रत्यक्ष खर्च, जास्तीत जास्त १ लाख रुपयांपर्यंत, मिळू शकतो. प्रस्ताव शाळेमार्फत शिक्षण विभागाकडे जातो. त्यासाठी दवाखान्याची बिलं आणि कागद जपून ठेवा आणि मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. पण इथंच गोची होते. स्पर्धेत लागलं हे सिद्ध कशानं करणार? त्या दिवशी कुणी काही लिहूनच ठेवलेलं नसतं.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. शाळांकडून, आणि तालुका व जिल्ह्याच्या स्पर्धा भरवणाऱ्यांकडून.

एक, प्रत्येक स्पर्धेत एक जखमी नोंदवही. नाव, शाळा, वेळ, कुठे लागलं, कसं लागलं, पुढे काय केलं. पंच आणि शिक्षकाची सही. दोनशे पानी वही किराणा दुकानात मिळते.

दोन, सामना सुरू होण्याआधी पंचानं गोलपोस्ट हलवून बघायचा आणि मैदान चालून बघायचं. पाणी साचलं असेल तर सामना पुढे.

तीन, बर्फाचा डबा आणि प्रथमोपचार येणारा एक माणूस. पाहुण्यांच्या शाल-श्रीफळातून एक शाल कमी करा, बर्फ येतो.

चार, वर्षभर आठवड्याला किमान एकदा ती पंधरा मिनिटं. मुलं-मुली दोघांसाठी. कबड्डी, खो-खो, फुटबॉलवाल्यांनीही करायला हरकत नाही, गुडघा सगळ्यांचा सारखाच.

माझ्याकडून एक. यापुढे मी ज्या स्पर्धेची बातमी देईन, त्यात निकालाच्या खाली किती खेळाडू जखमी झाले हेही लिहीन. पाहुण्यांची नावं जागा उरली तर.

त्या पोरीला मागच्या आठवड्यात भेटलो. अजून ऑपरेशन व्हायचंय. काठी नको म्हणते, शाळेत पोरी हसतात. मला विचारलं, "काका, पुन्हा खेळता येईल ना?" मी म्हटलं, चांगलं ऑपरेशन झालं, महिनोन्‌महिने व्यायाम नीट केला तर बरेच खेळाडू परत येतात. हे खरं आहे. पण तिची बारावीची शेवटची शालेय स्पर्धा तोवर होऊन गेलेली असेल, हे मी तिला सांगितलं नाही. तिला ते माहीत होतं.

ही पोस्ट तुमच्या शाळेच्या, गावाच्या ग्रुपवर टाका. आणि तुमच्या घरी, शेजारी एखाद्या खेळाडूचा गुडघा, घोटा, खांदा असाच गेला असेल, तर कमेंटमध्ये नाव न लिहिता फक्त खेळ, वय आणि वर्ष लिहा. सरकारी वही निघेल तेव्हा निघेल, आपली यादी आजपासून सुरू करू.