विश्लेषण : इंटरनेटवर टाकलेल्या नोट्स खरोखर ‘खुल्या’ असतात का?

सेमिस्टर परीक्षा तोंडावर आली की अभियांत्रिकीच्या व्हॉट्सॲप आणि टेलिग्राम ग्रुपवर पीडीएफ फिरू लागतात. डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टीम, क्वांटम मेकॅनिक्स... कुण्या सीनियरने मेहनतीने काढलेल्या या नोट्स अनेकांना तारून नेतात. पण त्या कुणाच्या, कधीच्या, त्यातली चूक कुणाला कळवायची आणि त्यांचे मराठी भाषांतर केले तर चालेल का, याची उत्तरे त्या पीडीएफवर नसतात. विज्ञान आणि संगणकाच्या नोट्स जगापुढे ठेवणे आज काही मिनिटांचे काम आहे. मात्र नोट्स ‘मोफत मिळणे’ आणि ‘खुल्या असणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक समजून घेतला नाही, तर चांगल्या नोट्सही वाया जाऊ शकतात.

नोट्स प्रसिद्ध करण्याची पद्धत कशी रुजली?

प्राध्यापकांच्या टिपणांच्या झेरॉक्स प्रती पूर्वीही हातोहात फिरत. ऑगस्ट १९९१ मध्ये अमेरिकेतील लॉस ॲलामॉस प्रयोगशाळेत पॉल गिन्सपार्ग यांनी भौतिकशास्त्राच्या शोधनिबंधांसाठी एक संग्रह सुरू केला. तोच आजचा ‘अर्काइव्ह’. तेथे शोधनिबंधांबरोबर व्याख्यानांच्या नोट्सही येऊ लागल्या. भौतिकशास्त्रज्ञ शॉन कॅरोल यांनी सामान्य सापेक्षतेवरील आपल्या नोट्स १९९७ मध्ये तेथे ठेवल्या. पुढे त्यांतूनच ‘स्पेसटाइम अँड जॉमेट्री’ हे पाठ्यपुस्तक तयार झाले. पुस्तक विकत घ्यावे लागते. मूळ नोट्स मात्र आजही मोफत वाचता येतात.

‘मोफत’ आणि ‘खुले’ यांत फरक काय?

भारताच्या कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार मजकूर लिहिला गेला की त्यावर लेखकाचा हक्क आपोआप निर्माण होतो. नोंदणी करण्याची किंवा ‘सर्व हक्क राखीव’ असे लिहिण्याची गरज नसते. हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. खासगी अभ्यास आणि संशोधनासाठी मजकुराचा वाजवी वापर करण्याची मुभा कलम ५२ देते. पण प्रती काढून वाटणे, त्यात भर घालून पुन्हा प्रसिद्ध करणे आणि भाषांतर करणे हे हक्क लेखकाकडेच राहतात.

समजा, नांदेडच्या एखाद्या विद्यार्थिनीला मशीन लर्निंगच्या उत्तम इंग्रजी नोट्स सापडल्या. त्या वाचायला तिला कुणी अडवणार नाही. पण त्यांचे मराठी भाषांतर करून ते सर्वांसाठी ठेवायचे, तर लेखकाची परवानगी लागेल. लेखकाचा ईमेल बंद पडला असेल, तर प्रश्न तिथेच अडकतो. लेखकाची कसलीच हरकत नसेल, तरी त्याने तसे लिहून ठेवलेले नसते. गिटहबवरही हीच स्थिती आहे. परवाना न जोडता सार्वजनिक केलेले काम इतरांना पाहता येते, गिटहबवरच त्याची प्रत घेता येते. त्यापलीकडचे हक्क मिळत नाहीत.

परवाना कसा निवडायचा?

यासाठी २००२ मध्ये ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’चे तयार परवाने आले. ‘सीसी बाय’ म्हणजे श्रेय द्या आणि हवा तसा वापर करा. ‘बाय-एसए’मध्ये आणखी एक अट असते : बदललेली आवृत्तीही त्याच अटींवर खुली ठेवायची. विकिपीडियाचा मजकूर याच परवान्याखाली असतो. ‘एनसी’ जोडले की व्यावसायिक वापराला मनाई होते. आपल्या नोट्स छापून एखाद्या क्लासने विकू नयेत, असे वाटणारे बहुधा हा पर्याय निवडतात. मात्र असा मजकूर विकिपीडियावर घेता येत नाही. ‘एनडी’ जोडल्यास बदललेली आवृत्ती प्रसिद्ध करता येत नाही. भाषांतरही त्यातच मोडते. म्हणजे वरच्या उदाहरणातील विद्यार्थिनीची वाट ‘एनडी’ने बंद होते आणि ‘बाय’ किंवा ‘बाय-एसए’ने मोकळी होते.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. पहिली, हा परवाना एकदा दिला की परत घेता येत नाही. नोट्स काढून टाकल्या तरी ज्यांनी आधी घेतल्या, त्यांचा हक्क कायम राहतो. दुसरी, जे आपले नाही त्यावर परवाना देता येत नाही. न्यूटनचा नियम कुणाच्या मालकीचा नाही, पण पाठ्यपुस्तकातून स्कॅन केलेली आकृती प्रकाशकाची असू शकते. ती स्वतः नव्याने काढणे उत्तम. नोट्समधील प्रोग्रामच्या कोडसाठी मात्र क्रिएटिव्ह कॉमन्सऐवजी एमआयटी, अपाची किंवा जीपीएल यांसारखे सॉफ्टवेअरचे परवाने वापरावेत, असे खुद्द क्रिएटिव्ह कॉमन्स ही संस्थाच सुचवते.

नोट्समध्ये चूक असेल तर?

वैयक्तिक नोट्सवर हा मुख्य आक्षेप असतो. त्यांना ना संपादक, ना तज्ज्ञांची तपासणी. यावरचे एक उत्तर ‘स्टॅक्स प्रोजेक्ट’ या गणिताच्या प्रकल्पात दिसते. कोलंबिया विद्यापीठातील गणितज्ञ योहान द याँग यांनी सुरू केलेला बीजभूमितीचा हा खुला ग्रंथ आज ७ हजारांहून अधिक पानांचा आहे. त्यातील प्रत्येक प्रमेयाला चार अक्षरांचा कायमचा संकेत असतो. मजकूर मागे-पुढे सरकला, तरी संकेत बदलत नाही. वाचक चुका कळवतात आणि त्या दुरुस्त होतात. व्हॉट्सॲपवरून फिरणाऱ्या पीडीएफबाबत हे शक्य नसते. एक चूक सुधारली, तरी जुन्या प्रती चुकीसह फिरतच राहतात.

दुवे बंद पडतात तेव्हा काय होते?

प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०१३ मध्ये इंटरनेटवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उघडत नव्हती. याहूने ऑक्टोबर २००९ मध्ये ‘जिओसिटीज’ बंद केले, तेव्हा लाखो वैयक्तिक पाने एका फटक्यात गेली. स्वयंसेवकांनी धावपळ करून जेवढी उतरवून घेतली, तेवढीच उरली. २०१६ मध्ये ‘गूगल कोड’ही बंद झाले.

म्हणून मूळ जागेखेरीज दुसरीकडेही एक प्रत असणे गरजेचे ठरते. युरोपातील ‘सर्न’ या संशोधन संस्थेचा ‘झेनोडो’ हा संग्रह २०१३ पासून सुरू आहे. तेथे कुणालाही मोफत नोट्स ठेवता येतात, प्रत्येक नोंदीला ‘डीओआय’ हा कायमचा क्रमांक मिळतो आणि नव्या आवृत्तीबरोबर जुनीही जपली जाते. परवाना खुला असेल, तर वाचकही प्रत ठेवून ती पुढे वाटू शकतात.

मराठीत काय स्थिती आहे?

आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प याचे जवळचे उदाहरण आहे. लिनक्स, पायथन, लिबरऑफिस यांसारख्या विषयांवरील त्याचे छोटे व्हिडीओ ‘बाय-एसए’ परवान्याखाली आहेत आणि त्यांतील अनेक मराठीतही ऐकता येतात. दुसरीकडे, २०२१-२२ पासून एआयसीटीईने मराठीसह प्रादेशिक भाषांत अभियांत्रिकी शिकवण्यास परवानगी दिली. त्यामुळे मराठीतील तांत्रिक साहित्याची गरज वाढली आहे.

पण अडचण केवळ परवान्याची नाही. हाताने लिहून मोबाइलवर स्कॅन केलेल्या नोट्समध्ये शब्द शोधणे अवघड जाते. युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर अगम्य चिन्हांसारखा दिसतो. दृष्टिहीन विद्यार्थ्यांना स्क्रीन रीडरवर यातले काहीच नीट ऐकता येत नाही. युनिकोडमध्ये टाइप केलेल्या साध्या मजकुराला यातली एकही अडचण येत नाही.

एआय कंपन्यांनी नोट्स वापरल्या तर?

खुल्या नोट्स एआय मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी वापरल्या जातील, ही भीती अनेकांना वाटते. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अटी कॉपीराइट कायद्यानुसार परवानगी लागते तिथेच लागू होतात. प्रशिक्षणासाठी अशी परवानगी लागते का, हाच वादाचा मुद्दा आहे. एएनआय या वृत्तसंस्थेने ओपनएआयविरुद्ध नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दाखल केलेला दावा याच प्रश्नावर आहे. मात्र परवाना न दिल्याने संरक्षण मिळेल, याचीही खात्री नाही. त्यामुळे नुकसान होते ते परवानगीची वाट पाहणाऱ्या प्रामाणिक विद्यार्थ्याचे.

नोट्स टाकण्यापूर्वी काय करावे?

पहिल्या पानावर चार ओळी पुरेशा आहेत : लेखकाचे नाव, शेवटच्या बदलाची तारीख, परवाना आणि चूक कळवण्याचा पत्ता. पीडीएफसोबत मूळ संपादनयोग्य फाइलही द्यावी. मराठी मजकूर युनिकोडमध्ये ठेवावा. एक प्रत दीर्घकालीन संग्रहात ठेवावी. एवढे केले तर लेखक नोकरीला लागून नोट्स विसरला, तरी पुढच्या बॅचमधील कुणीतरी त्या सुधारू शकेल, मराठीत आणू शकेल. त्यासाठी तिला कुणाच्या ईमेलच्या उत्तराची वाट पाहावी लागणार नाही.