घटनेत स्वातंत्र्य, बालवाडीत सक्ती

चीनच्या राज्यघटनेचे चौथे कलम वाचून कोणाही भाषाप्रेमी माणसाचे मन भरून यावे. सर्व वांशिक समाजांना आपापली भाषा आणि लिपी वापरण्याचे व विकसित करण्याचे स्वातंत्र्य आहे, अशी ग्वाही ते देते. आपल्याकडील चीनभक्त विद्वानांना हे कलम मुखोद्गत असते. त्याच घटनेचे, प्रमाण चिनीचा देशभर प्रसार करण्यास सांगणारे एकोणिसावे कलम मात्र ते सोयीस्करपणे विसरतात. या दोन कलमांच्या झटापटीत कोण जिंकले, हे पाहायचे असेल तर युन्नान प्रांताकडे पाहावे.

म्यानमार, लाओस व व्हिएतनाम यांना भिडलेल्या या प्रांताची लोकसंख्या सुमारे पावणेपाच कोटी. त्यांतील एक तृतीयांश लोक हान नाहीत. यी, बाई, हानी, दाई, लिसू, वा, लाहू, नाशी, जिंगपो असे २५ अल्पसंख्य समाज येथील मूळ रहिवासी म्हणून सरकारी यादीत आहेत. परंतु १९५३च्या जनगणनेत एकट्या युन्नानमध्ये २००हून अधिक समाजांनी आपली स्वतंत्र नावे नोंदविली होती. पुढच्याच वर्षी सरकारी पथकाने अवघ्या काही महिन्यांत त्यांचे मोजके गठ्ठे बांधून टाकले. जिनो समाजाला मान्यता मिळण्यास १९७९ साल उजाडले. लुगू सरोवराच्या काठचे मोसुओ युन्नानच्या दप्तरात नाशी म्हणून मोडतात आणि पलीकडच्या काठावर, सिचुआनमध्ये, मंगोल म्हणून. सरोवर ओलांडले की वंश बदलतो!

सर्वांत बोलकी कहाणी आहे ती दक्षिणेकडील शीश्वांगबान्नामधील दाई समाजाची. हे लोक थेरवादी बौद्ध. त्यांची परंपरागत लिपी ब्राह्मीच्या कुळातली. मुले श्रामणेर होऊन विहारात जात, तेथे ती लिपी शिकत. धर्मग्रंथ ताडपत्रांवर उतरवले जात. रामकथाही त्यांच्या घरात नांदते. 'लंका सिप हो', म्हणजे लंकेचा दशमुखी राजा, हे त्यांच्या रामायणाचे नाव. १९५०च्या दशकात सरकारने ही लिपी 'सुलभ' केली. नातू नव्या लिपीत साक्षर झाला आणि आजोबांच्या पोथीसमोर निरक्षर ठरला. पुढे सांस्कृतिक क्रांतीत विहार उद्ध्वस्त झाले, भिक्षूंना चीवर उतरवावे लागले, पोथ्या आगीत गेल्या. १९८६ साली जुनी लिपी परत आणण्याचा ठराव झाला. १९९६ साली पुन्हा नवी लिपी आली. ज्या समाजाची अक्षरेच चाळीस वर्षांत तीनदा बदलली, त्याने आपले वाङ्मय जपायचे तरी कसे? अशा ठिकाणी भाषेवर बंदी घालण्याची गरजच उरत नाही.

हान समाजाची स्थिती फार निराळी आहे असे समजू नये. कुनमिंगचा सामान्य हान माणूस घरी नैर्ऋत्य चिनी बोलतो. बीजिंगच्या उच्चारांवर बेतलेली प्रमाण चिनी, म्हणजे पुतोंगहुआ, तोही शाळेतच शिकतो. १ जानेवारी २००१ रोजी अमलात आलेल्या भाषा कायद्याने शाळा, कचेऱ्या व प्रसारण यांत पुतोंगहुआचे आसन पक्के केले. कँटनी आणि पुतोंगहुआ बोलणाऱ्यांना एकमेकांचे बोलणे कळत नाही. तरी कँटनी ही सरकारी हिशेबात केवळ 'बोली'. २०१० साली ग्वांगचौ दूरचित्रवाणीवर पुतोंगहुआचे कार्यक्रम वाढविण्याची सूचना पुढे येताच लोक रस्त्यावर उतरले होते, ते उगाच नव्हे.

आता हा नांगर बालवाडीपर्यंत पोहोचला आहे. अल्पसंख्यांच्या भाषेतून शिकविणे शाळांना बंधनकारक करणारे काही भागांतील स्थानिक नियम घटनाविरोधी आहेत, असे चिनी संसदेच्या कायदेविषयक आयोगाने जानेवारी २०२१मध्ये सांगितले. म्हणजे चौथे कलम एकोणिसाव्या कलमाने गिळले. त्याच वर्षीच्या शरद ऋतूपासून अल्पसंख्यबहुल भागांतील बालवाड्यांनी पुतोंगहुआच वापरावी, असा आदेश निघाला. तीन वर्षांचे हानी पोर आईचा पदर सोडून जेथे प्रथम पाऊल टाकते, तेथेच आईची भाषा उंबऱ्याबाहेर ठेवायची!

पुतोंगहुआ आली की डोंगरातल्या मुलाला नोकरी मिळते, हा बीजिंगचा युक्तिवाद. तो खोटा नाही. राष्ट्राला व्यवहाराची एक समान भाषा लागते, हे आम्हीही मानतो. पण ती शिकविण्यासाठी मातृभाषा वर्गाबाहेर का काढावी लागते, याचे उत्तर त्या युक्तिवादात नाही. युन्नानच्या जिंगपोंचे भाऊबंद आपल्या अरुणाचलात व आसामात सिंग्फो म्हणून राहतात. भाषिक अल्पसंख्यांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी, असे आपल्या घटनेचे ३५० क हे कलम राज्यांना सांगते. त्याच्या अंमलबजावणीत आपण कमी पडतो, हे कबूल. पण तशी तक्रार करणाऱ्याला आपण फुटीरतावादी ठरवून गजाआड करीत नाही.

चिंगहाई प्रांतातील तिबेटी दुकानदार ताशी वांगचुक याने एवढीच तक्रार केली होती. तिबेटी भाषेच्या शिक्षणाविषयी तो एका अमेरिकी वृत्तपत्राशी बोलला, जानेवारी २०१६मध्ये पकडला गेला आणि फुटीरतेला चिथावणी दिल्याच्या आरोपाखाली त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. रेल्वे स्थानकावरील हिंदीच्या एका पाटीतही ज्यांना भाषिक साम्राज्यवाद दिसतो, त्या आपल्याकडील पुरोगाम्यांनी जानेवारी २०२१मध्ये तो सुटेपर्यंतच्या पाच वर्षांत त्याच्यासाठी किती मोर्चे काढले, किती निवेदनांवर सह्या केल्या?