तळटीप तपासणारी मुले

वस्तीतला मुलगा-मुलगी एम.ए. किंवा एलएल.बी.ला गेली की आपण विचारतो, टक्के किती पडले, नोकरी कधी लागणार? शिकताना एखाद्या नियतकालिकाच्या संपादनाचे काम केलेस का, हे कुणी विचारत नाही. माता-पित्यांनी ते विचारावे, म्हणून अमेरिकेचा एक दाखला देतो.

तिथे आधी पदवी, मग तीन वर्षे कायदा. हार्वर्ड विद्यापीठात १८८७ साली निघालेले ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’ हे कायद्याचे नियतकालिक विद्यार्थीच चालवतात. नामवंत प्राध्यापकाचा लेख घ्यायचा की परत पाठवायचा, हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची पोरे ठरवतात! लेख घेतला की खरी मेहनत सुरू. प्रत्येक तळटीपेसाठी मूळ ग्रंथ किंवा निकालपत्र काढायचे, पान उघडायचे, शब्द न् शब्द ताडून पाहायचा. न्यायाधीश खरेच असे म्हणाले होते का? वर्ष बरोबर आहे का? आम्हा कारकुनांच्या भाषेत, व्हाउचर नाही तर नोंद नाही. काम कंटाळवाणे खरे, पण वाचायचे कसे, हे त्यातूनच कळते.

आता प्रश्न, त्या टेबलाशी बसायला मिळते कुणाला? पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी संपादक मंडळात आला तो १९२१ साली. चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन त्याचे नाव. पहिल्या महायुद्धात गोऱ्यांच्या सैन्यात अपमान सोसून तो कायद्याकडे वळला होता. पुढे त्याने हॉवर्ड विद्यापीठात कृष्णवर्णीय वकिलांची पिढी घडवली. थर्गुड मार्शल त्याचाच विद्यार्थी. १९३४ साली ह्यूस्टन कॅमेरा घेऊन साउथ कॅरोलायनात गेला आणि काळ्या मुलांच्या शाळांची दुर्दशा त्याने फिल्मवर उतरवली. शाळा असमान आहेत, एवढे म्हणून तो थांबला नाही, पुरावा समोर ठेवला. ही सवय तळटीपांच्या टेबलावर पक्की झाली असणार, असे मला वाटते. शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा १९५४ चा निकाल मार्शल यांनी लढून मिळवला, तेव्हा ह्यूस्टन हयात नव्हता.

त्या नियतकालिकाचा पहिला कृष्णवर्णीय अध्यक्ष व्हायला १९९० साल उजाडावे लागले. तो विद्यार्थी म्हणजे बराक ओबामा. कृष्णवर्णीय मुलगी अध्यक्ष झाली ती तर २०१७ साली. खुर्ची आपोआप कुणी सोडत नाही, बंधूंनो!

आपल्याकडे बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलचे नियतकालिकही विद्यार्थीच संपादित करतात. अशा ठिकाणी प्रवेश मिळालेल्या लेकराने पहिल्याच वर्षी विचारावे, संपादक मंडळात यायला काय करावे लागते? लाजू नये.

आणि जिथे असे काही नाही, तिथे? आपल्या फलकांवर, भाषणांत बाबासाहेबांच्या नावावर किती वाक्ये फिरतात! महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून त्यांच्या लेखन-भाषणांचे खंड काढले आहेत. शिकणाऱ्या चार मुलांना विहारात बसवा, येत्या जयंतीच्या फलकावरची वाक्ये त्यांच्या हाती द्या आणि प्रत्येकापुढे खंड व पान लिहून आणायला सांगा. जे सापडणार नाही, ते रंगाऱ्याकडे पाठवू नका.